बेल्स पाल्सी: चेहऱ्याला जोर नको, नेमकेपणा हवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते तुम्हालाही ताडून पाहता येईल. तुम्ही शाळेत शिकवता. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कडेने गळलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली, डोळा मिटत नाही, कपाळावर आठी पडत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी बेल्स पाल्सीचं, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या लकव्याचं, निदान केलं, स्टिरॉइडच्या गोळ्यांचा दहा दिवसांचा कोर्स झाला, पण चेहरा अजून तसाच आहे. आता सासूबाई म्हणतात गार वारा लागला, कान बांधून ठेव. शेजारच्या काकू म्हणतात दिवसभर च्युइंगम चघळ आणि फुगे फुगव. जवळच्या क्लिनिकमध्ये रोज करंट घ्यायला सांगितलंय. तुम्ही विचारता, यातलं काय करू, आणि चेहरा पहिल्यासारखा होईल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग चेहऱ्याच्या लकव्याच्या रुग्णांचा आहे. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: चेहरा हलत नाही म्हणजे स्नायू कमजोर झाले, आणि कमजोर स्नायूला दामटून व्यायाम दिला की तो भरून येतो. हातापायांच्या बाबतीत हे पुष्कळदा खरं असतं. इथे तुमचे स्नायू मुळात धडधाकट आहेत, त्यांना हुकूम पोचवणारी नस दुखावली आहे. ती सावरेपर्यंत स्नायूंवर कितीही मेहनत घेतली तरी हुकूम पोचत नाही. आणि ती सावरायला लागल्यावर चुकीची मेहनत घेतली, तर हुकूम भलत्याच स्नायूला जायची सवय लागू शकते. त्यामुळे 'कोणता व्यायाम करून हे लवकर बरं करू' यापेक्षा 'नस बरी होत असताना काय सांभाळू आणि काय टाळू' हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमच्या चेहऱ्याचं नेमकं भाकीत मी करू शकत नाही. पहिल्या आठवड्यात थोडी तरी हालचाल शिल्लक होती की चेहरा पूर्ण स्तब्ध होता, वय काय, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, कानामागे फार दुखत होतं का, या सगळ्यावर बरं व्हायला लागणारा वेळ अवलंबून असतो. तेव्हा पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जोडीला वाचा.

आधी आत काय झालंय ते पाहू, कारण ते कळलं की अर्ध्या सल्ल्यांची वासलात आपोआप लागते. चेहरा हलवणारी नस प्रत्येक बाजूला एक अशी असते, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी ती सातवी. स्कॉटिश शल्यविशारद सर चार्ल्स बेल यांनी १८२१ साली तिच्या कामाविषयी लिहिलं, म्हणून आजाराला त्यांचं नाव. ही नस मेंदूतून निघाली की कानाच्या आतल्या हाडातून, एका अरुंद, वळणावळणाच्या बोगद्यातून बाहेर येते. या बोगद्याची सगळ्यात चिंचोळी जागा एक मिलिमीटरहूनही कमी रुंद आहे. नसेला सूज आली की बाजूचं हाड काही सरकत नाही. बोट सुजल्यावर अंगठी रुतते, तशी ती नस स्वतःच्याच बोगद्यात आवळली जाते आणि तिचं काम बंद पडतं. ही सूज का येते याचं सर्वाधिक मान्य उत्तर म्हणजे शरीरात आधीपासून झोपून राहिलेला नागिणीच्या कुळातला विषाणू, ओठावर ज्वराचे फोड आणणारा हर्पिस सिंप्लेक्स, पुन्हा जागा होणं. जपानमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रिया केलेल्या १४ पैकी ११ बेल्स पाल्सीच्या रुग्णांत या विषाणूचे अंश नसेतल्या द्रवात सापडले होते.

ही नस फक्त हसवते-रडवते असं नाही. जिभेच्या पुढच्या भागाची चव तिच्यातल्याच एका फांदीतून जाते, म्हणून डाव्या बाजूला भाजी आळणी लागते. कानात आवाज आवरून धरणारा एक चिमुकला स्नायू तिच्यावरच चालतो, म्हणून वर्गातला गोंगाट त्या कानाला अचानक कर्कश वाटतो. तुम्ही लिहिलंत की घंटेचा आवाज सहन होत नाही. तो वेगळा आजार नाही, याच नसेचा भाग आहे, आणि तिच्याबरोबरच तो शांत होतो.

सासूबाईंच्या वाऱ्याचं म्हणाल, तर सूज हाडाच्या आत आहे, तिथे वारा पोचत नाही. पण स्कूटरवर कानाला रुमाल बांधल्याने नुकसानही काही नाही, आणि दुखऱ्या कानामागे ऊब बरी वाटते. त्यांचं मन राखून रुमाल जरूर बांधा, फक्त त्यालाच उपचार समजू नका.

आता थोडं निदानाविषयी. तुमचं निदान झालंय, तरी हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितेच. तोंड वाकडं झाल्यावर पहिली भीती मेंदूच्या झटक्याची असते, आणि ती भीती बरोबर आहे. फरक कपाळ सांगतं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, म्हणून मेंदूच्या झटक्यात तोंडाची कड ओघळते पण भुवया बहुधा वर जातात. बेल्स पाल्सीत नसच बंद असल्याने कपाळही सपाट राहतं. भुवई वर जात असेल, किंवा हातापायात शक्ती नसेल, बोलणं अडखळत असेल, तोल जात असेल, तर घरी बसून परीक्षा घेत राहू नये, थेट मोठं रुग्णालय गाठावं. झटक्यात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि कपाळाची ही खूण डॉक्टरांनी तपासायची आहे. घरच्यांना शंका असेल तर ती झटका समजूनच धावपळ करावी.

कानात किंवा टाळूवर फोड आले असतील आणि कान भयंकर ठणकत असेल, तर ती नागीण असते. तिला रॅम्से हंट म्हणतात आणि तिच्यात विषाणूविरोधी औषध लगेच लागतं. कान वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ हवेत. चेहरा दोन-तीन दिवसांत नव्हे तर काही आठवड्यांत हळूहळू वाकडा होत गेला, किंवा कानाखाली गाठ लागते, तर स्कॅन करावंच लागतं. गालावर बधिर, फिकट चट्टा असून डोळा मिटत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. आपल्याकडे तो अजून आढळतो, औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतल्यास पुढचं नुकसान टळतं. आणि आपली जी मंडळी न्यू जर्सी, कनेटिकट अशा भागांत राहतात त्यांनी गोचीड चावण्याचा विचार डॉक्टरांपुढे मांडावा, कारण तिथला लाइम रोग हुबेहूब असाच चेहरा करतो.

तुमच्या वर्णनात कपाळही सपाट आहे, एका दिवसात झालं, फोड नाहीत, कान वाहत नाही. निदान जुळतं. बहुतेक वेळा याला एमआरआयची गरज नसते, तेव्हा तो केला नाही म्हणून घाबरू नका.

आता ज्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, तो डोळा. चेहरा वाकडा राहिला तर दुःख होतं, पण तो नंतरही सुधारता येतो. बुबुळावर जखम होऊन फूल पडलं तर नजर जाऊ शकते. या आजारात टाळता येण्यासारखं कायमचं नुकसान कुठलं असेल तर ते हेच, आणि तरी घरात चर्चा तोंडाचीच होते.

तुम्ही म्हणता डोळ्यातून सारखं पाणी येतं, म्हणून थेंब घालत नाही. हा गैरसमज फार जणांचा असतो. पाणी वाहतं ते खालची पापणी सैल पडल्यामुळे आणि उघडझाप न झाल्याने अश्रू नाकाकडे खेचले जात नाहीत म्हणून. बुबुळावर मात्र अश्रूंचा थर नीट पसरतच नाही, ते कोरडंच राहतं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब तास-दोन तासांनी घाला, शक्यतो परिरक्षक (औषध टिकवणारं रसायन) नसलेले, कारण इतक्या वेळा घालायचे असतात. रात्री झोपताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेलं घट्ट मलम लावा आणि मग पापणी चिकटवा.

चिकटवण्याची एक पद्धत आहे. मलम घातल्यावर नजर खाली न्या, दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची पापणी हलकेच खाली आणा, ती पूर्ण मिटली आहे याची खात्री करा आणि मग कागदी चिकटपट्टी, दुकानात मायक्रोपोर म्हणून मिळते ती, पापणीवर आडवी लावा. पहिल्या काही रात्री हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. उघड्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून पट्टी बांधू नका. आत डोळा उघडला तर कापूसच बुबुळाला घासतो. सकाळी पट्टी ओल्या बोटाने सोडवा, ओढू नका.

दुचाकीवर काच असलेलं हेल्मेट घाला, बाहेर पडताना चष्मा किंवा गॉगल लावा. पंख्याचा झोत तोंडावर नको. वर्गात फळा पुसायचं काम काही दिवस मुलांकडे द्या, किंवा ओलं डस्टर वापरा, खडूची भुकटी या डोळ्याला नको. आणि डोळा लाल झाला, टोचू लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठा. तसं काही नसलं तरी या आठवड्यात एकदा डोळा दाखवून या. तीन आठवडे उघडा राहिलेला डोळा एकदा तपासलेला बरा.

बरं होण्याच्या शक्यतेकडे येते. कोपनहेगनचे डॉक्टर एरिक पाइटर्सन यांनी २५ वर्षांत पाहिलेल्या, कुठलंही औषध न दिलेल्या १,७०१ बेल्स पाल्सीच्या रुग्णांची नोंद २००२ साली प्रसिद्ध केली. औषध नसतानाही ७१ टक्के लोकांचा चेहरा पूर्णपणे पूर्ववत झाला, १२ टक्क्यांत अगदी किरकोळ दोष राहिला, १३ टक्क्यांत सौम्य, ४ टक्क्यांत ठळक. सुरुवातीला थोडी हालचाल शिल्लक होती त्यांच्यात ९४ टक्के पूर्ण बरे झाले, पूर्ण लकवा होता त्यांच्यात ६१ टक्के. दुसरा महत्त्वाचा अभ्यास २००७ साली स्कॉटलंडमधून आला. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के पूर्ण बरे होते, ते न मिळालेल्यांपैकी ८१.६ टक्के. तुम्ही पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलात आणि गोळ्या सुरू झाल्या. तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही वेळेत केली आहे, हे आधी स्वतःला सांगा.

'पण तीन आठवडे झाले' हे तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. पाइटर्सन यांच्या रुग्णांत ८५ टक्क्यांची हालचाल पहिल्या तीन आठवड्यांत सुरू झाली, उरलेल्या १५ टक्क्यांची ३ ते ५ महिन्यांनी. म्हणजे तुम्ही अगदी सीमारेषेवर आहात. इथे एक बारकावा आहे. हालचाल दिसण्याआधी बहुधा स्नायूंचा ताण परत येतो. चेहरा नुसता शांत असताना गाल जरा कमी लोंबतो, नाकापासून ओठाकडे येणारी घडी पुन्हा अंधूक दिसू लागते. तुमच्या यजमानांना विचारा, गेल्या आठवड्यापेक्षा शांत चेहरा कमी ओघळलेला वाटतो का. रोज आरशात स्वतःला पाहणाऱ्याला हे कळत नाही. ताण परत आला असेल तर ते चांगलं लक्षण आहे. नसेल आला, तर तुम्ही थोड्या लांबच्या वाटेवर आहात. दुखावलेले तंतू नव्याने वाढायचे असतील तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि ती गती कुठल्याही व्यायामाने वाढत नाही.

आता च्युइंगम, फुगे आणि करंट.

चावायचे स्नायू या नसेवर चालतच नाहीत, ते पाचव्या नसेवर चालतात, आणि तुमची पाचवी नस ठीक आहे. म्हणून तर जेवताना तुम्ही डाव्या बाजूने चावू शकता, फक्त घास गालात साठतो. च्युइंगमने जबडा दमेल, चेहऱ्याच्या लकव्याला काही मिळणार नाही.

फुग्यांचा प्रश्न वेगळा आहे. फुगा फुगवताना आपण सगळा चेहरा एकदम आवळतो. उजवी बाजू ताकदवान आहे, ती सगळं तोंड स्वतःकडे ओढते, आणि डावा सैल गाल हवेने आणखी ताणला जातो. नस बरी होऊ लागल्यावर तर हे अधिकच नको. नव्याने वाढणारे तंतू पुष्कळदा जुन्या वाटेने न जाता शेजारच्या स्नायूत शिरतात. मग काही महिन्यांनी माणूस हसला की डोळा बारीक होतो, डोळा मिटला की ओठाची कड वर खेचली जाते, मानेवर दोऱ्या उठतात. जेवताना डोळ्यातून पाणी येणारेही असतात. वैद्यकीय भाषेत याला सिनकायनेसिस म्हणतात. ज्यांची नस जास्त दुखावली होती त्यांना हे काही प्रमाणात होतंच, पण पूर्ण जोर लावून सगळा चेहरा एकत्र आवळण्याची रोज तालीम केली, तर मेंदू तीच जोडणी पक्की करतो, असा माझा आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. माझ्याकडे सहा-आठ महिन्यांनी येणाऱ्यांत 'मी तर रोज तासभर जोर लावून व्यायाम केला' असं सांगणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा चेहरा सैल नसतो, आखडलेला असतो. त्यांनी कष्ट कमी केलेले नसतात, त्यांना दिशा कुणी दिलेली नसते. हे पाहून मला फार वाईट वाटतं, म्हणून इतकं लांबवून लिहितेय.

करंटबद्दल आमच्याच व्यवसायात मतभेद आहेत. आपल्याकडे गॅल्व्हॅनिक करंट कॉलेजात शिकवला जातो, आणि अनेक चांगले फिजिओथेरपिस्ट तो देतात. पण एकेका उपचारावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ सालच्या आढाव्यात करंटचा ठोस फायदा सिद्ध झालेला आढळला नाही. नेमकेपणाने शिकवलेल्या चेहऱ्याच्या व्यायामांसाठी मात्र थोडा, जरी भक्कम नसला तरी, आधार मिळाला. करंटने नस लवकर वाढते असं मला माझ्या कामातही कधी दिसलं नाही. बरे होणारे तेवढ्याच वेळात बरे होतात, आणि श्रेय करंटला जातं. म्हणून मी तो देत नाही. तुम्ही काही बैठका घेतल्या असतील तर घाबरायचं कारण नाही. पण हालचाल परत येऊ लागल्यावर, सगळा चेहरा एकदम उडवणारा करंट मी नक्कीच घेऊ देणार नाही. रोज क्लिनिकला घालायचा वेळ आणि पैसा डोळ्याच्या थेंबांवर आणि पुढे एकदा चेहऱ्याचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा.

मग करायचं काय? सध्या, हालचाल शून्य असताना, फार थोडं. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात पिळलेला रुमाल गालावर पाच मिनिटं धरा, डोळ्यापासून लांब. मग बोटांच्या पेरांनी हनुवटीकडून कानाकडे, ओठाच्या कडेपासून गालफडाकडे हलकं चोळा. स्वच्छ धुतलेला अंगठा गालाच्या आत आणि बोटं बाहेर ठेवून गाल हळूच चिमटीत फिरवलात तरी चालेल. तेल लावायचं तर लावा, पण रगडून मालीश नको आणि कानात काही घालू नका. उजव्या बाजूलाही हात फिरवा. ती बिचारी दोघींचं काम करून आखडलेली असते, आणि ती सैल झाली की चेहरा लगेच थोडा सरळ दिसतो.

त्यानंतर आरशापुढे बसून, डाव्या ओठाची कड बोटाने हलकेच वर उचला, जिथे ती हसताना जायची तिथवर, आणि मनात हसण्याचा विचार करा. जोर लावू नका. डोळ्यासाठी आधी नजर खाली न्या आणि मग पापणी अलगद मिटायचा प्रयत्न करा. नजर खाली गेली की पापणी उचलणारा स्नायू सैल पडतो आणि मिटणं सोपं जातं. तीन-चार वेळा पुरे.

पहिली थरथर दिसली की खरं काम सुरू होतं. तेव्हा नियम एकच: हालचाल लहान, सावकाश आणि दोन्हीकडे सारखी. उजवा हात उजव्या गालावर ठेवा म्हणजे ती बाजू पुढे धावणार नाही. डावीकडे जेवढं हसू येतं तेवढंच उजवीकडे येऊ द्या. हसताना डाव्या डोळ्याकडे लक्ष ठेवा. तो बारीक होऊ लागला की तिथेच थांबा, चेहरा सैल सोडा आणि पुढच्या वेळी त्याच्या अलीकडेच थांबा. प्रत्येक हालचाल चार-पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दमल्यावर केलेला व्यायाम चुकीचा शिकवतो. ओठांसाठी प, फ, ब, भ, म ही अक्षरं सावकाश म्हणा. तुमचा अडखळणारा उच्चार याच अक्षरांवर अडतो, कारण ती दोन्ही ओठ मिळाल्याशिवाय निघत नाहीत. 'फ'ला हवा निसटत असेल तर डाव्या कडेला एक बोट टेकवा.

म्हणजे आत्तापुरतं असं: डोळा कटाक्षाने सांभाळायचा, चेहरा मऊ ठेवायचा, हालचाल आली की लहान आणि नेमकी करायची, आणि जोराचं सगळं बाजूला ठेवायचं.

औषधांबद्दल थोडंसं. स्टिरॉइडचा कोर्स संपला आहे, तो स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. त्याचा उपयोग सुरुवातीच्या सुजेवर असतो. बी-१२च्या गोळ्या जवळजवळ सगळेच डॉक्टर देतात, दिल्या असतील तर घ्या, पण त्या घेतल्या नाहीत म्हणून नस अडून राहील असं नाही. मधुमेह असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट: साखर वाढेल या भीतीने पहिल्या ७२ तासांतलं स्टिरॉइड परस्पर नाकारू नका. डॉक्टर साखरेवर लक्ष ठेवून ते देऊ शकतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लगेच हा आजार जास्त आढळतो. तेव्हा तोंड वाकडं झालं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावं आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

आता शाळा. तुम्ही लिहिलंत की रजा वाढवावीशी वाटते, कारण मुलं हसतील. डोळा सांभाळता येत असेल तर कामावर जायला वैद्यकीय अडचण नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांना मी एकच सुचवते: पहिल्याच तासाला मुलांना स्वतः सांगून टाका. 'माझ्या चेहऱ्याची एक नस आजारी आहे, म्हणून मी अर्धीच हसते. मी रागावलेली नाही. काही महिन्यांत बरं होईल.' मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारतात. न सांगितल्यास त्यांना बाई सतत चिडलेल्या वाटतात, आणि त्याचा त्रास तुम्हालाच जास्त होतो. शाळेत ध्वनिक्षेपक असेल तर तो वापरा, म्हणजे आवाज ताणताना तोंड वाकडं ओढलं जाणार नाही.

जेवताना लहान घास घ्या, पाणी पिताना डावी कड बोटाने धरा, जेवण झालं की गालात बोट फिरवून अडकलेलं अन्न काढा आणि चूळ भरा, नाहीतर त्या बाजूचे दात किडतात. चारचौघांत जेवायचा संकोच वाटतो हे मला माहीत आहे. काही दिवस एकटीने जेवलात तर त्यात गैर काही नाही. पण रडू वारंवार येत असेल, झोप लागत नसेल, माणसं टाळावीशी वाटत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. चेहरा हे आपल्या बोलण्याचं अर्धं साधन आहे, ते हरवल्यावर मन खचणं हा या आजाराचाच भाग आहे आणि त्यावर मदत मिळते.

पुढचा टप्पा तीन महिन्यांचा. तोवर चेहरा पूर्ण सावरला नसेल, तर चेहऱ्याच्या नसेचं काम जाणणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट यांना दाखवायलाच हवं. चार महिने उलटूनही तसूभर हालचाल नसेल तर निदान पुन्हा तपासावं लागतं आणि स्कॅनही करावं लागतं, कारण बेल्स पाल्सीत इतक्या उशिरापर्यंत काहीच न हलणं सहसा होत नाही. उशिरा बरं होणाऱ्यांत आखडलेपणा किंवा डोळा-ओठ एकत्र हलणं राहिलं, तर विशेष व्यायाम आणि अतिक्रियाशील स्नायूत बोटॉक्सची अगदी छोटी इंजेक्शनं यांनी चांगला फरक पडतो, वर्षं उलटून गेल्यावरसुद्धा. डोळा मिटतच नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचं लहानसं वजन बसवता येतं. फार थोड्यांना नस जोडण्याची शस्त्रक्रिया लागते. ती स्नायू वाळून जाण्याआधी, साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत करावी लागते. म्हणून 'होईल हळूहळू' म्हणत दोन वर्षं काढू नयेत. तुमच्यावर ही वेळ येण्याची शक्यता कमी आहे, पण ठाऊक असलेलं बरं. हा आजार पुन्हा होण्याचं प्रमाण पाइटर्सन यांच्या नोंदीत सुमारे सात टक्के होतं.

तुमच्या मोबाइलचा एक उपयोग सांगते. दर रविवारी, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढा: चेहरा शांत, भुवया वर, डोळे अलगद मिटलेले, नाक मुरडलेलं, ओठ मिटून हसू, दात दाखवून हसू, ओठांचा चंबू. मधल्या दिवसांत आरसा फक्त व्यायामापुरता. चार चित्रफिती झाल्या की पहिली आणि चौथी शेजारी लावून पाहा आणि डॉक्टरांकडे जाताना त्या सोबत न्या. रोज तपासत नसलेल्या माणसाला त्यातून जे कळतं, ते दहा मिनिटांच्या तपासणीत कळत नाही. आणि या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आलात की डोळा कसा आहे ते इथे कळवा. चेहऱ्याविषयी पुढचं त्यानंतर बोलू.